रेणूचे तुकडे पाडून त्याचे गुणधर्म काढायचे कसे? ग्रुप काँट्रिब्यूशनचा हिशेब पहिल्यापासून

सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये एखादं नवीन कंपाउंड टाकायला गेलं की ते लगेच विचारतं, क्रिटिकल टेंपरेचर किती, क्रिटिकल प्रेशर किती, बॉइलिंग पॉइंट किती, आणि आपल्याकडे असतं काय तर कागदावर काढलेलं स्ट्रक्चर. हँडबुक चाळून झालं, ऑनलाइन डेटाबेस बघून झाले, कुठेच काही नाही. लॅबमध्ये मोजू म्हटलं तर शुद्ध सँपल पाहिजे, वेळ पाहिजे, आणि मोठे रेणू बऱ्याचदा क्रिटिकल पॉइंटला (ज्या तापमान-दाबापलीकडे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही तिथे) पोचायच्या आधीच तुटतात, म्हणजे तिथे मोजायला काही उरतच नाही. अशा वेळी कामाला येते ती ग्रुप काँट्रिब्यूशन पद्धत. रेणूचे ठरलेल्या साच्यातले तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा आकडा टेबलातून घ्यायचा, बेरीज करायची, सूत्रात टाकायची. शाळकरी पोरालाही जमेल असं गणित आहे, पण चुका मात्र भलेभले करतात आणि त्या चुका दिसत नाहीत हीच खरी गोची आहे, त्यामुळे या लेखात सूत्रांपेक्षा जास्त वेळ मी तुकडे पाडण्यावर आणि उत्तर तपासण्यावर घालवणार आहे.

हे मुळात का चालतं, ते आधी दोन ओळीत. साखळीतला एक सीएच२ हेक्झेनमध्ये असो नाहीतर ऑक्टेनमध्ये, त्याच्या आजूबाजूला साधारण तेच शेजारी असतात, त्यामुळे तो रेणूच्या आकारात, ऊर्जेत, एकमेकांना धरून ठेवण्याच्या ताकदीत साधारण तेवढीच भर घालतो. एकोणिसाव्या शतकात हर्मन कॉपला हे दिसलं होतं की एका घराण्यातल्या कंपाउंड्समध्ये एकेक सीएच२ वाढला की बॉइलिंग पॉइंट ठराविक टप्प्याने चढतो. पुढे १९५५ मध्ये लायडरसनने क्रिटिकल गुणधर्मांसाठी, १९५८ मध्ये बेन्सन आणि बसने थर्मोकेमिस्ट्रीसाठी अशी टेबलं काढली. आणि जोबॅक आणि रीड यांची १९८७ ची पद्धत आज शिकायला सगळ्यात सोपी पडते म्हणून मी तीच धरून चालतोय. ती सगळ्यात अचूक आहे म्हणून नव्हे हां, तिच्यापेक्षा चांगल्या पद्धती आहेत, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

पायरी पहिली: आधी खरा आकडा शोधा

हे ऐकायला बावळट वाटेल पण करा. एनआयएसटीचं, म्हणजे अमेरिकेच्या मानक संस्थेचं, वेबबुक उघडा, रेणूचं नाव टाका, कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) टाका, दोन-तीन पर्यायी नावं टाका. मोजलेला आकडा मिळाला तर अंदाज बांधायची गरज नाही. सगळे आकडे मिळाले नाहीत तरी एखादा मिळतो, विशेषतः बॉइलिंग पॉइंट, आणि तो एकटा मिळाला तरी पुढचं काम किती सुधारतं ते मेथॅनॉलच्या उदाहरणात बघू.

पायरी दुसरी: तुकडे पाडा

जोबॅकच्या टेबलात ४१ ग्रुप आहेत. साखळीतले सीएच३, सीएच२, सीएच आणि हायड्रोजन नसलेला सी, डबल बाँडवाले कार्बन, मग रिंगमधले कार्बन वेगळे, मग ऑक्सिजनवाले, नायट्रोजनवाले, सल्फरवाले, हॅलोजन. नियम तसे थोडेच आहेत.

मोठा ग्रुप आधी उचलायचा. स्ट्रक्चरमध्ये सीओओएच दिसला की तो अख्खा एक ग्रुप, त्याचे कार्बोनिल (डबल बाँडने जोडलेले कार्बन आणि ऑक्सिजन) अधिक ओएच असे दोन करायचे नाहीत. एस्टरचा सीओओ अख्खा एक, त्याचे कार्बोनिल अधिक ऑक्सिजन करायचे नाहीत.

रिंगमधलं आणि रिंगबाहेरचं वेगळं. सायक्लोहेक्झेनमधला सीएच२ आणि हेक्झेनमधला सीएच२ यांचे आकडे वेगळे आहेत, बॉइलिंग पॉइंटसाठी २७.१५ आणि २२.८८. बेंझिनमधले सहा सीएच हे रिंगमधले डबल बाँडवाले सीएच. टोल्यूइनमध्ये असे पाच, एक रिंगमधला हायड्रोजन नसलेला डबल बाँडवाला कार्बन, आणि बाहेर लटकलेला सीएच३.

अल्कोहोलचा ओएच आणि फिनॉलचा ओएच हे दोन वेगवेगळे ग्रुप आहेत. सायक्लोहेक्झेनॉल रिंगवाला असला तरी तो अल्कोहोल, कारण त्याची रिंग अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारखी, नाही. इथे लोक हमखास अडकतात, मीही अडकलेलो, सांगतो पुढे.

आणि तुकडे पाडून झाले की अणू मोजायचे. प्रत्येक ग्रुपमधले कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांची बेरीज मॉलिक्युलर फॉर्म्युल्याशी तंतोतंत जुळलीच पाहिजे. एक हायड्रोजन जरी कमी-जास्त आला तरी थांबा, कुठेतरी सीएच२ च्या जागी सीएच पडलाय. मी कागदावर वेगवेगळ्या रंगाच्या पेनने ग्रुपभोवती गोल काढतो, एकही अणू गोलाबाहेर राहता कामा नये आणि एकही अणू दोन गोलांत येता कामा नये. कॉम्प्युटरवर करणाऱ्यांना हे बालिश वाटतं, पण कॉम्प्युटरचा प्रोग्रामसुद्धा आतमध्ये हेच करतो, नाहीतर निदान त्याने हे करायला हवं.

पायरी तिसरी: टेबल आणि सूत्रं

इथून उदाहरण धरू या, इथाइल अ‍ॅसिटेट. फॉर्म्युला सी४एच८ओ२. तुकडे: दोन सीएच३, एक सीएच२, एक सीओओ. कार्बन २ + १ + १ = ४, हायड्रोजन ६ + २ = ८, ऑक्सिजन २. जुळलं.

या तीन ग्रुपचे जोबॅकचे आकडे, क्रमाने बॉइलिंग पॉइंट, क्रिटिकल टेंपरेचर, क्रिटिकल प्रेशर, क्रिटिकल व्हॉल्यूम आणि फॉर्मेशन एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून रेणू बनताना लागणारी किंवा सुटणारी उष्णता):

सीएच३: २३.५८, ०.०१४१, उणे ०.००१२, ६५, उणे ७६.४५
सीएच२: २२.८८, ०.०१८९, ०, ५६, उणे २०.६४
सीओओ: ८१.१०, ०.०४८१, ०.०००५, ८२, उणे ३३७.९२

बॉइलिंग पॉइंट सगळ्यात सोपा. १९८.२ मध्ये सगळ्या ग्रुपची बेरीज मिळवायची, उत्तर केल्विनमध्ये. १९८.२ + २ × २३.५८ + २२.८८ + ८१.१० = ३४९.३ केल्विन. मोजलेला ३५०.२ च्या आसपास आहे. म्हणजे एका केल्विनचा फरक. पण हुरळून जाऊ नका, हे नशीब आहे, सगळीकडे असं होत नाही.

क्रिटिकल टेंपरेचरला सूत्र जरा वाकडं आहे. ग्रुपच्या आकड्यांची बेरीज काढा, तिला ०.९६५ ने गुणा, त्यात ०.५८४ मिळवा, त्यातून त्याच बेरजेचा वर्ग वजा करा, आणि जे येईल त्याने बॉइलिंग पॉइंटला भागा. आपली बेरीज २ × ०.०१४१ + ०.०१८९ + ०.०४८१ = ०.०९५२. मग ०.५८४ + ०.०९१९ − ०.००९१ = ०.६६६८. अंदाजाचा बॉइलिंग पॉइंट ३४९.३ घेतला तर ५२३.९ केल्विन, मोजलेला ३५०.२ घेतला तर ५२५.२. खरा आकडा ५२३ च्या थोडा वर.

क्रिटिकल प्रेशर: ०.११३ मध्ये ०.००३२ गुणिले अणूंची संख्या मिळवा, त्यातून ग्रुपची बेरीज वजा करा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि १ ला त्याने भागा, उत्तर बारमध्ये. अणूंची संख्या म्हणजे हायड्रोजन धरून सगळे अणू, इथे १४. ग्रुपची बेरीज उणे ०.००१९, ती वजा करायची म्हणजे मिळवली जाते. ०.११३ + ०.०४४८ + ०.००१९ = ०.१५९७, आणि त्याच्या वर्गाने १ ला भागलं की ३९.२ बार. मोजलेलं ३८.८ च्या आसपास. आता हायड्रोजन सोडून फक्त सहा अणू धरले, जे रेखाटलेल्या स्ट्रक्चरकडे बघून सहज होतं, तर उत्तर येतं ५५.६ बार. कॅल्क्युलेटर काही बोलत नाही, तो निमूटपणे ५५.६ दाखवतो.

क्रिटिकल व्हॉल्यूम: १७.५ अधिक बेरीज, म्हणजे १७.५ + १३० + ५६ + ८२ = २८५.५ घन सेंटीमीटर प्रति मोल, मोजलेलं २८६. फॉर्मेशन एन्थाल्पी: ६८.२९ अधिक बेरीज, म्हणजे ६८.२९ − १५२.९० − २०.६४ − ३३७.९२ = उणे ४४३.२ किलोज्यूल प्रति मोल, मोजलेली उणे ४४५ च्या जवळपास. एक लक्षात ठेवा, ही वायू अवस्थेची एन्थाल्पी आहे, आदर्श वायू २९८ केल्विनला. द्रव इथाइल अ‍ॅसिटेटची पाहिजे असेल तर बाष्पीभवनाची उष्णता, साधारण ३५ किलोज्यूल, आणखी वजा करावी लागते. जोबॅकची हीट कपॅसिटीसुद्धा अशीच आदर्श वायूची असते आणि लोक ती बिनधास्त द्रवासाठी वापरतात, मग हीट एक्स्चेंजरचा आकार चुकला की पंपाला शिव्या.

पायरी चौथी: दुसऱ्या गुणधर्माने उलटतपासणी

आता माझी गोष्ट. एकदा फिनॉलचे गुणधर्म काढताना मी घाईत अल्कोहोलचा ओएच घेतला. रिंगमधले पाच सीएच २६.७३ चे, एक कार्बन ३१.०१ चा, आणि ओएच ९२.८८ चा. बेरीज करून बॉइलिंग पॉइंट आला ४५५.७ केल्विन. पुस्तकात बघितलं तर फिनॉलचा ४५५ च्या आसपास. मी खूश, शीट सेव्ह केली, पुढे गेलो. दोन दिवसांनी चूक कळली, फिनॉलचा ओएच ७६.३४ चा आहे, तो टाकला तर उत्तर येतं ४३९.२, म्हणजे बरोबर ग्रुप घेतल्यावर उत्तर १६ केल्विनने चुकतं आणि चुकीचा ग्रुप घेतल्यावर बिनचूक! तेव्हा मला वाटलं टेबलच गंडलंय. मग बाकीचे गुणधर्म काढले. क्रिटिकल व्हॉल्यूममध्ये फिनॉलच्या ओएचचा आकडा उणे २५ आहे आणि अल्कोहोलच्या ओएचचा २८. बरोबर ग्रुपने २२९.५ येतं, मोजलेलं २२९. चुकीच्या ग्रुपने २८२.५. क्रिटिकल टेंपरेचर, दोन्हीकडे मोजलेलाच बॉइलिंग पॉइंट टाकून, बरोबर ग्रुपने साधारण ६९५, चुकीच्या ग्रुपने ६५७, आणि खरं ६९४. म्हणजे चूक होतीच, फक्त बॉइलिंग पॉइंटमध्ये ती लपली होती.

हे एकट्या फिनॉलचं नाही. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घ्या. सीएच३ आणि सीओओएच धरले तर बॉइलिंग पॉइंट ३९०.९, चुकून सीओओएचचे कार्बोनिल आणि ओएच असे दोन केले तर ३९१.४, मोजलेला ३९१.१. तिन्ही सारखेच, ओळखा पाहू चूक कुठली! पण फॉर्मेशन एन्थाल्पी काढा. बरोबर तुकड्यांनी ६८.२९ − ७६.४५ − ४२६.७२ = उणे ४३४.९, मोजलेली उणे ४३३ च्या आसपास. चुकीच्या तुकड्यांनी उणे ३४९.४. चक्क ८५ किलोज्यूलचा खड्डा. कारणही सरळ आहे, कार्बोनिल आणि ओएच एकाच कार्बनवर आले की ते एकमेकांना स्थिर करतात, ती जादाची स्थिरता दोन सुट्या ग्रुपच्या बेरजेत कुठून येणार.

म्हणून माझी सवय अशी झालीये की पाहिजे असलेला गुणधर्म एकटा कधीच काढत नाही. सोबत फॉर्मेशन एन्थाल्पी आणि क्रिटिकल व्हॉल्यूम काढतोच, कारण तुकडे चुकले तर हे दोघं आधी ओरडतात. बॉइलिंग पॉइंट फार समजूतदार आहे, तो सगळं पोटात घालतो. अर्थात उलटतपासणीसाठी त्या रेणूचा किंवा त्याच्या जवळच्या भावंडाचा एखादा तरी मोजलेला आकडा लागतो. तोही नसेल तर निदान त्याच घराण्यातला माहितीतला रेणू घेऊन तुमच्या तुकडे पाडायच्या पद्धतीने त्याचे गुणधर्म काढा आणि जुळतात का बघा.

पायरी पाचवी: मोजलेला आकडा जिथे घुसवता येईल तिथे घुसवा

मेथॅनॉल. एक सीएच३, एक ओएच. अंदाजाचा बॉइलिंग पॉइंट १९८.२ + २३.५८ + ९२.८८ = ३१४.७ केल्विन. खरा ३३७.७. तेवीस केल्विन खाली. घराण्यातला सगळ्यात छोटा रेणू नेहमी असा घरच्यांपासून फटकून वागतो. आता क्रिटिकल टेंपरेचरच्या सूत्रातला भाजक ०.६६१३ येतो. ३१४.७ ला भागलं तर ४७६ केल्विन, ३३७.७ ला भागलं तर ५१०.६. मोजलेलं ५१२.६. बघा, एक मोजलेला आकडा टाकला आणि ३७ केल्विनची चूक दोनवर आली. जोबॅकची क्रिटिकल टेंपरेचरची ख्याती मोजलेला बॉइलिंग पॉइंट धरूनच आहे, अंदाजावर अंदाज रचला की ती ख्याती तुमच्या कामाची नाही.

दुसरी युक्ती म्हणजे नातेवाइकावरून उडी मारायची. डिकेनचा बॉइलिंग पॉइंट थेट काढला तर ४२८.४ येतो, खरा ४४७.३. पण नोनेनचा मोजलेला ४२४.० घेऊन त्यात एका सीएच२ चे २२.८८ मिळवले तर ४४६.९. सूत्रातली सगळी मूळची चूक नोनेनच्या मोजलेल्या आकड्यात आपोआप कापली गेली.

फक्त नातेवाईक खरा असायला हवा. इथिलीन ग्लायकॉलचा मोजलेला ४७०.५ आहे. त्यात एक सीएच२ घालून १,३-प्रोपेनडायॉल काढला तर ४९३.४ येतो, मोजलेला साधारण ४८७, म्हणजे ठीकच, थेट जोबॅकने तर ४५२.६ येतो. आता तीच उडी मारून १,२-प्रोपेनडायॉल काढायला जा, तिथेही ४९३ च्या आसपास येतं आणि खरा आहे ४६१. तोंडघशी. इथे नवीन कार्बन दोन ओएचच्या मधे न येता बाजूला लटकतो, त्यातला एक ओएच सेकंडरी होतो आणि हायड्रोजन बाँडिंगचा सगळा मामला बदलतो. त्यामुळे उडी मारताना फरक साखळीच्या साध्या भागात असावा, फंक्शनल ग्रुपच्या शेजारी नसावा.

कुठे विश्वास ठेवायचा नाही

लांब साखळ्या. जोबॅकचं बॉइलिंग पॉइंटचं सूत्र सरळ रेषेचं आहे, प्रत्येक सीएच२ ला २२.८८, मग तो पाचवा असो नाहीतर पन्नासावा. प्रत्यक्षात रेणू लांबत गेला की प्रत्येक नवीन सीएच२ ची भर कमी कमी होत जाते. म्हणून डिकेनला उत्तर १९ ने कमी, हेक्झाडिकेनला साधारण ६ ने जास्त, आणि वीस कार्बनच्या आयकोसेनला ६५७ येतं, खरं ६१७, म्हणजे ४० ने जास्त. १९९४ मध्ये स्टाइन आणि ब्राउन यांनी ग्रुप वाढवून ८५ केले आणि वर एक वर्गाची दुरुस्ती लावली ती याचसाठी, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) ईपीआय सूट सॉफ्टवेअरमध्ये बॉइलिंग पॉइंटसाठी तीच सुधारित पद्धत आहे. लांब साखळी असेल तर साधं जोबॅक वापरूच नका.

फांद्या. पेंटेनचे तीन आयसोमर (फॉर्म्युला एकच, जोडणी वेगळी) घ्या, मोजलेले बॉइलिंग पॉइंट ३६, २८ आणि ९.५ अंश सेल्सिअस. सरळ साखळीचा सगळ्यात वर आणि निओपेंटेन सगळ्यात खाली, २७ अंशांचा फरक. जोबॅक सरळ साखळीला ४१ देतो आणि निओपेंटेनला ३८. क्रम बरोबर ओळखला, एवढंच कौतुक.

ऑर्थो, मेटा, पॅरा, म्हणजे बेंझिन रिंगवरचे दोन ग्रुप शेजारी, एक सोडून, की समोरासमोर. तुकड्यांच्या यादीत कोण कुठे बसलाय ही माहितीच नसते, त्यामुळे तिन्ही झायलीनचं उत्तर एकच. बॉइलिंग पॉइंटला ते खपून जातं, अंदाज १४१ अंश आणि खरे १४४, १३९, १३८. पण मेल्टिंग पॉइंट काढा. १२२.५ अधिक ग्रुपची बेरीज करून येतात २१८.९ केल्विन, म्हणजे उणे ५४ अंश. खरे किती? ऑर्थो उणे २५, मेटा उणे ४८, आणि पॅरा अधिक १३! एकाच फॉर्म्युल्याचे, एकाच तुकड्यांचे तीन रेणू, आणि त्यातला एक थंडगार खोलीत चक्क गोठून बसतो. मेल्टिंग पॉइंट हा क्रिस्टलमध्ये रेणू कसे रचले जातात त्यावर ठरतो, सुबक सममित रेणू नीट रचला जातो आणि उशिरा वितळतो, आणि सममिती ही कुठल्याच एका तुकड्यात नसते. जोबॅकच्याच मूळ डेटावर बॉइलिंग पॉइंटची सरासरी चूक १२.९ केल्विन होती आणि मेल्टिंग पॉइंटची २२.६. माझं मत विचाराल तर ग्रुप काँट्रिब्यूशनने काढलेला मेल्टिंग पॉइंट कुठल्याही निर्णयात वापरू नका, अगदीच काही नसेल तर हा पदार्थ द्रव असावा की घन एवढा धूसर अंदाज घ्या आणि तोही हातचं राखून.

छोट्या ताणलेल्या रिंग. जोबॅकला सायक्लोप्रोपेन आणि सायक्लोहेक्झेन यांच्या सीएच२ मध्ये फरक कळत नाही. सायक्लोप्रोपेनची फॉर्मेशन एन्थाल्पी तो उणे १२ देतो, खरी आहे अधिक ५३.

आणि काही रेणूंसाठी टेबलात ग्रुपच नाहीत. फॉस्फरस, सिलिकॉन, बोरॉन आला की जोबॅक संपला. तिथे जवळचा वाटणारा ग्रुप जुगाड म्हणून बसवायचा मोह होतो, करू नका, सरळ दुसरी पद्धत बघा.

दुसऱ्या पद्धती कधी

एन्थाल्पी, एन्ट्रॉपी, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा उष्णतेचा हिशेब करायचा असेल तर बेन्सन. त्याच्या ग्रुपची व्याख्याच वेगळी आहे, मधला अणू आणि त्याला चिकटलेले शेजारी मिळून एक ग्रुप. म्हणजे कार्बनला जोडलेला सीएच२ वेगळा आणि ऑक्सिजनला जोडलेला सीएच२ वेगळा. शिवाय रिंगच्या ताणाची दुरुस्ती स्वतंत्र मिळवायची. सायक्लोप्रोपेन परत बघू: तीन सीएच२, प्रत्येकी उणे ४.९३ किलोकॅलरी, त्यात ताणाचे २७.६ मिळवले की अधिक १२.८ किलोकॅलरी, म्हणजे ५३.६ किलोज्यूल. जोबॅक जिथे ६५ ने चुकला तिथे हा जवळजवळ बोट ठेवून सांगतो. मेहनत जास्त आहे, टेबल मोठं आहे, पण थर्मोकेमिस्ट्रीसाठी मी दुसरं काही वापरत नाही.

शेजाऱ्यांचा परिणाम बॉइलिंग पॉइंट आणि क्रिटिकल गुणधर्मांत धरायचा असेल तर कॉन्स्टँटिनू आणि गनी यांची १९९४ ची पद्धत. आधी साधे ग्रुप मोजायचे, मग त्यावर दुसऱ्या पातळीचे ग्रुप, म्हणजे फांदीची जागा, लागून आलेले फंक्शनल ग्रुप वगैरे, यांची छोटी दुरुस्ती लावायची. २००१ मध्ये मारेरो आणि गनी यांनी मोठ्या, अनेक रिंगवाल्या रेणूंसाठी तिसरी पातळी घातली. काही आयसोमर इथे वेगळे ओळखता येतात.

मिश्रण असेल, म्हणजे दोन द्रव एकत्र केल्यावर कसे वागतील हे पाहिजे असेल, तर युनिफॅक, १९७५ ची पद्धत, फ्रेडेन्सलुंड, जोन्स आणि प्राउस्निट्झ यांची. तिच्यात प्रत्येक ग्रुपला आकारमान आणि पृष्ठभाग यांचे आकडे असतात आणि ग्रुपच्या जोड्यांमध्ये किती पटतं याचे वेगळे आकडे असतात. इथे एक सापळा आहे तो नीट लक्षात घ्या: जोबॅकसाठी पाडलेले तुकडे युनिफॅकला चालत नाहीत. इथाइल अ‍ॅसिटेट जोबॅकमध्ये दोन सीएच३, एक सीएच२, एक सीओओ, पण युनिफॅकमध्ये एक सीएच३, एक सीएच२ आणि एक अख्खा सीएच३सीओओ. मेथॅनॉल तर युनिफॅकमध्ये तोडतच नाहीत, तो स्वतःच एक ग्रुप आहे, पाणीसुद्धा. छोटे रेणू फटकून वागतात हे वर बघितलं, इथे त्यांना सरळ वेगळं घरच देऊन टाकलंय.

औषधांच्या कामात लॉग पी लागतो, म्हणजे पदार्थ ऑक्टेनॉलमध्ये जास्त जातो की पाण्यात. हान्श आणि फुजिता यांनी १९६४ मध्ये हीच कल्पना तिकडे नेली. बेंझिनचा लॉग पी २.१३, मिथाइल लावला की ०.५६ ची भर, क्लोरीन लावला की ०.७१ ची, म्हणजे क्लोरोटोल्यूइनला ३.४०. पॅरा क्लोरोटोल्यूइनचा मोजलेला ३.३३. तर्क तोच, फक्त टेबल वेगळं.

शेकडो रेणू असतील तेव्हा

हाताने पाच-दहा रेणू करा, त्याशिवाय हात बसत नाही, मग कोडकडे वळा. पायथॉनमध्ये आरडीकिट ही मोफत लायब्ररी आहे, रेणू स्माइल्स या मजकुराच्या रूपात द्यायचा आणि प्रत्येक ग्रुपचा स्मार्ट्स पॅटर्न (तुकडा शोधायचा लिखित साचा) लिहून तो कुठे सापडतो ते शोधायचं. थर्मो नावाच्या पायथॉन लायब्ररीत तर जोबॅक तयारच मिळतो. स्वतः लिहिणार असाल तर पॅटर्न मोठ्याकडून छोट्याकडे लावा, आधी सीओओएच, मग सीओओ, मग कार्बोनिल, मग ओएच, आणि एकदा एखाद्या ग्रुपमध्ये गेलेल्या अणूवर खूण करून ठेवा म्हणजे तो परत मोजला जाणार नाही. हे केलं नाही तर सीओओएचमधला ओएच अल्कोहोल म्हणून दुसऱ्यांदा मोजला जातो, आणि बॉइलिंग पॉइंट भलताच वर जातो.

शेवटी अणूंची बेरीज कोडमध्येही करा आणि जुळली नाही तर आकडा न देता रिकामी जागा द्या. मी एकदा एका तयार स्क्रिप्टमध्ये बघितलं, ओळख न पटलेले अणू ती गुपचूप सोडून द्यायची आणि उरलेल्यांचं उत्तर छापायची. सल्फोक्साइडवाला एक रेणू होता, त्याचा एस आणि ओ दोन्ही गायब, उत्तर मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत. दशांश स्थळांचं म्हणाल तर अहवालात ३४९.३४ असं लिहू नका, ३५० लिहा, आणि शेजारच्या रकान्यात तीन गोष्टी टाका: कुठली पद्धत, कुठले तुकडे किती, आणि बॉइलिंग पॉइंट मोजलेला घेतला की अंदाजाचा. सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं हा आकडा आला कुठून, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा आपणच असतो.